उभ्या गाडीचा वेळ: बॅटरी भरणे आणि टाकी भरणे

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा 'चार्ज व्हायला किती वेळ लागतो?' हाच असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. गाडीत ऊर्जा भरली जात असताना माणूस तिच्यापाशी खोळंबून उभा आहे, असे आपण धरून चालतो. पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत ते खरेच असते, कारण पेट घेणारे द्रव इंधन कोणी घराच्या भिंतीतल्या नळातून भरत नाही. त्यासाठी पंपावर जावेच लागते. विजेच्या बाबतीत मात्र ते कधी खरे ठरते, तर कधी साफ खोटे. चार्जिंगची व्यवहार्यता या फरकावर अवलंबून आहे. मात्र त्याकडे वळण्यापूर्वी पेट्रोलची बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवी. विजेच्या गाड्यांचे समर्थक नेमके तिथेच घाई करतात.

पेट्रोल पंपाच्या नळीतून मिनिटाला साधारण ३५ लिटर इंधन वाहते. एका लिटरमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास, म्हणजे ९ युनिट ऊर्जा असते. याचा अर्थ हातात धरलेल्या त्या नळीतून मिनिटाला तीनशेहून अधिक युनिट ऊर्जा गाडीत जाते. शक्तीच्या मापात सांगायचे तर सुमारे १८ ते १९ मेगावॉट. महामार्गावरचा १५० किलोवॉटचा जलद चार्जर याच्या शंभर-सव्वाशेपट मागे आहे. भरण्याचे यंत्रही किती साधे पाहा. नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. टाकी भरत येऊन ते द्रवाखाली गेले की आतली हवेची ओढ बदलते आणि खटका आपोआप सुटतो. त्यासाठी गाडीला पंपाशी एक शब्दही बोलावा लागत नाही.

हा फरक इंजिनाच्या उधळेपणामुळे बराच कमी होतो. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा पाव हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक भाग चाकांपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता रेडिएटर व धुरांड्यावाटे वाया जाते. विजेची मोटर आणि तिची नियंत्रक यंत्रणा मात्र बॅटरीतल्या ऊर्जेचा चार पंचमांशाहून मोठा भाग चाकांना देते, शिवाय ब्रेक लावताना काही ऊर्जा परत मिळवते. म्हणून तुलना युनिटांत न करता किलोमीटरमध्ये केलेली बरी. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी पंपावर मिनिटाला सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर 'भरून' घेते. शंभर किलोमीटरला १५ युनिट खाणारी विजेची गाडी १५० किलोवॉटच्या चार्जरवर मिनिटाला सुमारे १६ किलोमीटर भरते. सव्वाशेपट अंतर तीसपटीवर आले, पण तीसपट हाही काही किरकोळ आकडा नाही.

हे अंतर आणखी मोठा चार्जर लावून मिटवता येईल का? पंपाच्या वेगाची बरोबरी करायची तर, विजेच्या गाडीची काटकसर जमेस धरूनही, साडेचार मेगावॉटच्या आसपास शक्ती लागेल. बॅटरीचा व्होल्टेज ८०० धरला, तर केबलमधून साडेपाच-सहा हजार अँपिअर प्रवाह जावा लागेल. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आजच्या ५०० अँपिअरच्या केबलमध्येही थंड द्रव खेळवावा लागतो, नाहीतर तांबे इतके जाड घ्यावे लागेल की ती केबल एका माणसाला उचलवणार नाही. गाड्यांचा व्होल्टेज ४०० वरून ८०० कडे नेण्यामागे मुख्य हेतू हाच आहे: तेवढीच शक्ती निम्म्या प्रवाहात नेली, तर त्याच तारेतली उष्णता एक चतुर्थांश होते. केबलचा प्रश्न सुटला तरी बॅटरीचा उरतोच. भरताना फक्त पाच टक्के ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी साडेचार मेगावॉटच्या पाच टक्के म्हणजे सव्वादोनशे किलोवॉट उष्णता, आणि ती गाडीच्या तळाशी असलेल्या एका बंद पेटीतून तत्क्षणी बाहेर काढावी लागेल.

बॅटरीच्या आत काय घडते ते पाहिले की चार्जिंगच्या वेगाची खरी मर्यादा कळते. लिथियम-आयन घटात चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धनाग्रातून निघतात, द्रवरूप विद्युत अपघट्यातून पोहत ऋणाग्राकडे येतात आणि तिथल्या ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. थरांत शिरण्याच्या या क्रियेला स्वतःचा वेग आहे. आयन त्याहून अधिक वेगाने येऊ लागले, तर ते आत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातुरूप लिथियम म्हणून साचू लागतात. त्याने बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि साठा टोकदार वाढून आतला पडदा भेदला गेला तर आतल्या आत शॉर्टसर्किट होते. ग्राफाइट जसजसे भरत जाते तसतसा हा धोका वाढतो. थंडीतही वाढतो, कारण कमी तापमानाला आयनांची हालचाल मंदावते. म्हणून बॅटरी अर्धी-पाऊण भरली की गाडी स्वतःहून प्रवाह कमी करू लागते.

हे सारे चार्जरच्या पडद्यावर उघड दिसते. जलद चार्जरची जाड केबल लावल्यावर पहिली काही सेकंदे वीज वाहतच नाही. प्लग जागच्या जागी कुलूपबंद होतो, मग एका बारीक पिनेवरून गाडी आपल्या बॅटरीचा व्होल्टेज आणि झेपणारा प्रवाह चार्जरला कळवते, तारांचे विद्युतरोधन तपासले जाते, गाडीच्या पोटात एक मोठा स्विच 'खट' करून जुळतो आणि त्यानंतरच किलोवॉटचा आकडा चढू लागतो. पुढे प्रत्येक क्षणी किती प्रवाह हवा हे गाडी सांगते, चार्जर फक्त तिचे ऐकतो. खोक्यावर ३५० असे ठळक छापलेले असूनही पडद्यावर ९० दिसत असेल, तर दोष बहुधा चार्जरचा नसतो. बॅटरी थंड असेल, बरीचशी भरलेली असेल किंवा गाडीची कमाल मर्यादाच तेवढी असेल. मुक्कामाचा चार्जर दिशादर्शकात आधीच नोंदवला, तर अनेक गाड्या वाटेतच बॅटरी तापवून ठेवतात ती याच कारणासाठी.

शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या साठ-सत्तर टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. टाकी 'फुल' करण्याची आपली सवय त्यामुळे लांबच्या प्रवासात उलटी पडते. बॅटरी दहा टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी, सत्तर-ऐंशीपर्यंत भरून निघावे आणि एका लांब थांब्याऐवजी दोन आखूड थांबे घ्यावेत, हे वेळेच्या दृष्टीने किफायतशीर ठरते. पण मग जाहिरातीतला पल्ला निम्म्याच्या आसपास येतो, हेही मान्य केले पाहिजे. समजा बॅटरी ६० युनिटांची आहे. वेगाने धावताना हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शंभर किलोमीटरला १५ ऐवजी २० युनिट लागतात. दहा ते ऐंशी टक्के या पट्ट्यात ४२ युनिट मिळतात, म्हणजे दोन थांब्यांमधले अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. कडाक्याच्या थंडीत गाडी आतून गरम ठेवायलाही बॅटरीचीच वीज जाते. इंजिनवाल्या गाडीत हे काम वाया जाणारी उष्णता फुकटात करते. दररोज चारशे-पाचशे किलोमीटर धावणाऱ्याला इंधनाची गाडी आजही सोयीची वाटते, यात मला काही नवल वाटत नाही.

बॅटरी मोठी घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण वजन आड येते. एक किलो पेट्रोलमध्ये बारा युनिटांहून अधिक ऊर्जा असते. बॅटरीच्या पेटीत किलोमागे एका युनिटाचा पाचवा-सहावा भाग. या तफावतीचे एक कारण क्वचितच सांगितले जाते. पेट्रोल जळायला किलोमागे सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते आणि ती गाडी वाटेत घेते, सोबत वाहून नेत नाही. बॅटरीला रासायनिक क्रियेतले दोन्ही भागीदार पेटीतच बाळगावे लागतात, आणि रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. इतिहासातही विजेची गाडी इथेच अडली होती. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ मध्ये, आणि बेल्जियमच्या कामिय जेनात्झी यांची ती गाडी विजेवर चालणारी होती. पण तिच्या काळातल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या वजनाच्या मानाने फारच थोडी ऊर्जा साठवत. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ही अडचण पुष्कळशी दूर केल्याबद्दलच म्हणायला हरकत नाही.

आता त्या गृहीतकाकडे वळू. खासगी मोटार दिवसाचे बहुतेक तास उभीच असते. ती जिथे रात्रभर उभी राहते तिथे साधे सॉकेट असेल, तर चार्जिंगसाठी मालकाचा जाणारा वेळ म्हणजे प्लग लावण्या-काढण्याची काही सेकंदे. घरगुती २३० व्होल्ट, १० अँपिअरच्या सॉकेटमधून २.३ किलोवॉट मिळतात. दिवसाला ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला सहा युनिट लागतात, चार्जिंगमधली गळती धरून सात. म्हणजे तीन तासांचे काम. गाडी नऊ-दहा तास उभी असताना ते तीन तासांत झाले की आठ, याने कोणाचे काही बिघडत नाही. अशा सावकाश चार्जिंगने बॅटरी तापत नाही आणि तिचे आयुष्यही टिकते. मात्र सॉकेट आणि तारा तासन्तास पूर्ण भार वाहण्याच्या योग्यतेच्या हव्यात. ढिल्या पिनांचे जुने सॉकेट यासाठी वापरणे धोक्याचे आहे.

ज्याच्याकडे अशी हक्काची जागा नाही, त्याच्यासाठी चित्र एकदम पालटते. त्याला प्रत्येक युनिट सार्वजनिक चार्जरवरून घ्यावे लागते, आणि तिथे रांगेचे गणित कठोर असते. पंपाची एक नळी तासाभरात दहा-बारा गाड्या सहज मोकळ्या करते. अर्धा तास घेणारा चार्जर दोनच. एक चार्जर बंद पडला आणि पुढे आधीच दोन गाड्या थांबलेल्या असल्या, की दीड तासाची निश्चिती झाली. शिवाय पंपाजवळ जमिनीखाली टाक्यांत साठा असतो, चार्जरला मात्र वीज त्या क्षणी वाहिनीतूनच मिळावी लागते. एकाच वेळी चालणाऱ्या १५० किलोवॉटच्या दहा चार्जरांना दीड मेगावॉट लागतात, त्यासाठी स्वतंत्र रोहित्र बसवावे लागते. काही ठिकाणी चार्जरशेजारीच मोठी बॅटरी ठेवून ती सावकाश भरतात आणि गर्दीच्या वेळी तिच्यातून गाड्यांना वीज देतात. पंपाच्या टाकीचेच काम ती करते.

म्हणून नव्या जलद चार्जरांच्या घोषणांपेक्षा इमारतींच्या वाहनतळांतली वायरिंग मला अधिक महत्त्वाची वाटते. वीस गाड्यांच्या वाहनतळात प्रत्येकी ७.४ किलोवॉटचे चार्जर बसवले आणि संध्याकाळी सगळे एकदम सुरू झाले, तर सुमारे १४८ किलोवॉटचा भार पडेल आणि बहुतेक इमारतींची जोडणी तो पेलू शकणार नाही. पण त्याच वीस गाड्यांची दिवसाची एकूण गरज सुमारे १४० युनिट आहे. ती रात्रीच्या दहा तासांत वाटून दिली, तर सरासरी १४ किलोवॉट पुरतात. त्यासाठी चार्जर एकमेकांशी जोडून उपलब्ध शक्ती आळीपाळीने वाटणारी नियंत्रण यंत्रणा लागते. ती आज बाजारात मिळते, आणि इमारत बांधतानाच तिच्यासाठी नळ्या टाकून ठेवल्या तर नंतर भिंती आणि फरशी फोडण्याचा खर्च वाचतो.