हँडल फडफडतं त्यामागे टायरचा उशीर

मोकळा हायवे, काटा नव्वदच्या पुढे, आणि अचानक हँडल डावी-उजवीकडे फडफडायला लागतं. असा एखादा व्हिडिओ दर थोड्या दिवसांनी फोनवर येतो आणि त्यावरची मतंही ठरलेली असतात. चेसिस कच्ची आहे, गाडी हलकी आहे, चालवणाऱ्याने हँडल घट्ट धरलं नाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत तथ्य असू शकतं, तिसरी तर घातक आहे, पण मुळाशी कुणीच जात नाही. मूळ आहे टायरच्या रबरात. दुचाकीच्या सगळ्या विज्ञानात मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आधी दोन आजार वेगळे करू. पहिला म्हणजे वॉबल. यात फक्त पुढचं चाक आणि हँडल सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा हलतं, इतकं झरझर की मोजता येत नाही. दुसरा वीव्ह. यात अख्खी गाडी मागून झुलते, सेकंदाला २ ते ४ वेळा, बहुधा जास्त वेगात आणि मागे सामान लादलेलं असताना. मेकॅनिककडे जाऊन नुसतं ‘गाडी हलते’ म्हणू नका, यातलं काय होतं ते सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

आता वॉबलकडे. हँडल ज्या आसाभोवती फिरतं तो तिरका असतो. तो तसाच खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागेल, त्याच्या जवळपास १० सेंटीमीटर मागे टायर रस्त्याला टेकलेला असतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळे चाक जरा वळलं की रस्ताच त्याला परत सरळ ढकलतो. पण जे मध्याकडे परत ढकललं जातं ते मध्य ओलांडून पलीकडेही जातं, तिथून पुन्हा इकडे. शाळेतल्या स्प्रिंगच्या प्रयोगात पाहिलेलं दोलन ते हेच. घर्षण असेल तर ते हळूहळू विरायला हवं.

ते विरत नाही, कारण टायर लगेच ऐकत नाही. चाक वळलं की रस्त्याला चिकटलेलं रबर आधी बाजूला ताणलं जातं, मगच बाजूचं बल तयार होतं. तेवढ्यासाठी चाकाला साधारण १० ते २५ सेंटीमीटर पुढे जावं लागतं. या अंतराचं नाव रिलॅक्सेशन लेंथ. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. लेंथ १५ सेंटीमीटर धरली तर उशीर होतो ६ मिलिसेकंदांचा. एवढ्याशा उशिराने पारडं फिरतं. समजा चाक उजवीकडून परतून मध्यावर आलंय. खरं तर या क्षणी बल शून्य हवं. पण टायर अजून मघाच्या, उजवीकडच्या स्थितीचं उत्तर देतोय, म्हणजे डावीकडे ढकलतोय, आणि चाक चाललंय डावीकडेच. झोका परत निघाला की मागून हात लावावा, तसं हे. दर फेरीला थोडी ऊर्जा भरली जाते आणि ती येते गाडीच्या पुढे जाण्यातून, म्हणजे शेवटी पेट्रोलमधूनच.

थोडं गणितही बघू. चाक डावी-उजवीकडे वळताना टायरचा टेकलेला भाग आडवा सरकतो आणि त्यातून दोलन दबतंसुद्धा. हे दबणं ट्रेलवर अवलंबून, तर ऊर्जा भरणं रिलॅक्सेशन लेंथवर. एकट्या चाकाचं सोपं समीकरण मांडलं तर ट्रेलमधून रिलॅक्सेशन लेंथ वजा करायची, उरेल त्याला वेगाने भागायचं, आणि निव्वळ अवमंदन, म्हणजे दोलन दबण्याचं प्रमाण, त्याच्या प्रमाणात मिळतं. ट्रेल १० आणि लेंथ १५ असेल तर उत्तर ऋण येतं. ऋण अवमंदन म्हणजे एकदा हललेलं चाक जास्त जास्तच हलणार. प्रत्येक गाडी तशी फडफडत नाही, कारण हँडलच्या बेअरिंगचं घर्षण, चालवणाऱ्याचे सैल हात आणि बाकीच्या गाडीची हालचाल मिळून ही तूट भरून काढतात. ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलची समीकरणं मांडताना टायरचा हा उशीर त्यांत घेतला, आणि वॉबल गणितात दिसू लागला. विमानाच्या पुढच्या चाकालाही हाच आजार होतो, म्हणून अनेक छोट्या विमानांत तिथे डॅम्पर, म्हणजे दोलन दाबणारं साधन, बसवलेला असतो.

हँडल घट्ट धरणं घातक का, तेही इथेच कळतं. माणसाची प्रतिक्रिया यायला ०.२ सेकंद तरी लागतात. सेकंदाला ८ वेळा फडफडणाऱ्या हँडलची एक फेरी ०.१२५ सेकंदात संपते. तुम्ही दिलेला झटका पुढच्या फेरीत पोचतो, कदाचित चुकीच्या दिशेने. टायरच्या उशिरात तुमच्या उशिराची भर. म्हणून गुडघ्यांनी टाकी आवळा, अंग पुढे झुकवा, हँडल सोडू नका पण पकड सैल करा, आणि ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करा. पुढचा ब्रेक जोरात मारलात तर सगळा भार त्याच चाकावर येतो आणि शॉकअप दबून ट्रेल आणखी कमी होतो.

‘त्या पुलावर गाडी आपोआप हलते, जागाच वाईट आहे’ असंही ऐकायला मिळतं. पुलाचा जॉइंट बघा. तिथला आडवा उंचवटा चाकाला पहिला धक्का देतो, तूट आधीपासून गाडीत असते. लिंबू-मिरचीने ती भरत नाही. टायरमध्ये पैसे मोजून भरलेल्या नायट्रोजननेही नाही, कारण साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

तपासणी टायरपासून सुरू करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. टायर थंड असताना हवा मोजा. मधोमध चपटा झालेला टायर बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. झीज कमी दिसली तरी रबर जुनं असू शकतं. मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी सेंटर स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला. फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे ओढा. ‘टक्’ लागलं तर ढिला आहे. आता हँडल एका बोटाने सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर रेसला, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कडीला, खड्डे पडलेत, नुसतं आवळून उपयोग नाही, सेट बदलावा लागेल. गरजेपेक्षा जास्त आवळला तर हळू वेगात गाडी आपोआप सरळ होत नाही, सतत डावी-उजवी करावी लागते.

वीव्ह असेल तर नजर मागे. चाक आडवं हलवून स्विंगआर्मचे बुश बघा. स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, मेकॅनिक त्याला चिमटा म्हणतात. चेन ताणून घेतल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतात का तेही बघा. मग टॉपबॉक्स रिकामा करून, शक्यतो काढूनच, एक फेरी मारा. लडाखला निघालेल्या कितीतरी गाड्यांवर जड सामान नेमकं सर्वांत मागे आणि सर्वांत उंच बांधलेलं असतं. ते खाली आणि पुढे घेतलं की बराच फरक पडतो.

स्टिअरिंग डॅम्पर सगळ्यात शेवटी. तो वॉबल खरोखर दाबतो, पण ढिला कोनसेट त्याच्यामागे लपून राहतो. शिवाय तो फार कडक लावला तर जास्त वेगात वीव्ह वाढतो, कारण डुलणारी गाडी सावरायला पुढच्या चाकाला जे मोकळेपण लागतं तेच डॅम्पर काढून घेतो.