काउंटरमागचा संसार

मे महिन्यात तारकर्ली-देवबागला गेलात तर बघा. न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरची माणसं पडवीत अंथरुणं टाकतात, आतल्या खोल्या पाहुण्यांना. पहाटे बाईचा घावण्यांचा तवा तापतो, मुलगा चादरी बदलतो, म्हातारे वहीत नावं लिहून घेतात. पगारी माणूस एकही नाही. अमेरिकेतल्या गुजराती मोटेलवाल्यांचं गणित याहून फार वेगळं नव्हतं.

त्यांची सुरुवात १९४२ची. सुरतेकडचे कानजी मंछू देसाई तेव्हा कॅलिफोर्नियात होते. युद्धामुळे जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबणं चाललं होतं. अशाच एका मालकाचं सॅक्रामेंटोतलं छोटं हॉटेल देसाईंनी साथीदारांबरोबर चालवायला घेतलं. एकाचं उठलं म्हणून दुसऱ्याचं बसलं, हेही विसरू नये. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोत गेले. नव्याने येणाऱ्याला त्यांचा सल्ला एकच, 'पटेल असशील तर हॉटेल भाड्याने घे.'

१९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांची मुदत देऊन हाकललं, त्यांतलेही काही तिकडे पोचले. नव्या महामार्गांनी जुन्या रस्त्यांवरची मोटेलं आधीच ओस पाडली होती, त्यात १९७३ची तेलटंचाई. मालक मिळेल त्या किमतीला विकून मोकळे होत होते. पटेलांनी भांडवल उभं केलं ते काका-मामांकडून, तोंडी शब्दावर. काउंटरमागच्या खोलीत संसार थाटला; घरभाडं वाचलं, नोकराचा पगारही. विमा कंपन्या त्यांना दारात उभं करीनात, आणि शेजारचा मोटेलवाला 'अमेरिकन मालकीचे' अशी पाटी लावी. त्यातूनच १९८९मध्ये आशियाई हॉटेलमालकांची संघटना झाली. आज तिथली साधारण ६० टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत.

आपला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत गेला आणि मनीऑर्डर पाठवत राहिला. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला १९९७मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली १९९८मध्ये. राबायला माणसं आहेत, खोल्या आहेत, मासळी दारात आहे. घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. त्यावर आजोबांपासूनची सतरा नावं, कर्ज द्यायचं तर बँकेला प्रत्येकाची संमती हवी, आणि डोंबिवलीचा चुलता सही करायला गणपतीतच येतो. आला तरी आधी आंब्याच्या वाटणीचं काढतो.