मोठा एस्‌त्सेट

जर्मन वर्णमालेतील एस्‌त्सेट किंवा 'शार्फेस एस' (तीक्ष्ण स) या अक्षराचे (ß) कॅपिटल रूप (ẞ). दीर्घ स्वर किंवा जोडस्वरानंतरचा 'स' दाखवणारे हे अक्षर फ्राक्टुर या जुन्या, कोनदार जर्मन छपाईच्या वळणात लांब दांडीचा जुना एस आणि झेड एकत्र येऊन तयार झाले; त्याच्या नावातही हे दोघे आहेत. शब्दाच्या आरंभी ते कधीच येत नाही आणि फ्राक्टुरमध्ये अख्खा शब्द कॅपिटलमध्ये जुळवायची रीत नव्हती. त्यामुळे छपाईच्या कॅपिटल खिळ्यावाचून कोणाचे अडत नव्हते.

रोमन वळणात पाट्या आणि मथळे कॅपिटलमध्ये येऊ लागले तेव्हा मात्र अडले. त्याजागी दोन एस घालण्याचा तोडगा निघाला, पण मग 'बूसे' (प्रायश्चित्त) आणि 'बुसे' (बसगाड्या) सारखेच दिसू लागले. वाइस आडनावाची दोन वेगळी स्पेलिंगे कॅपिटलमध्ये एकच होतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत, तरी 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक जपणाऱ्या मराठी वाचकाला हे दुखणे कळावे. स्वित्झर्लंडने हे अक्षरच सोडून दिल्याने तिथे प्रश्नच उरलेला नाही.

दोन एस ही तात्पुरती सोय आहे, योग्य खिळा घडेपर्यंतच ती चालवावी, असे 'डूडेन' या जर्मन शुद्धलेखन कोशाने १९२५ मध्ये म्हटले होते. पूर्व जर्मनीतील १९५७च्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तर मोठा एस्‌त्सेट छापलाही गेला.

खरा पेच रेखाटनाचा. लहान अक्षर नुसते ताणून मोठे केले तर कॅपिटलांच्या रांगेत ते अरुंद, पोरके दिसते. पोट भरले की रोमन 'बी' (B) वाटते. सर्वाधिक रुळलेल्या 'ड्रेस्डेन' रूपात डावी उभी दांडी वर गोलाईने वळून आडवी होते, उजव्या कोपऱ्यात टोकदार मोडते, तिथून रेघ तिरपी आत उतरते आणि खाली एससारखे पोट घेते. हे पोट दांडीला चिकटू द्यायचे नाही, तळाशी फट ठेवायची. ठळक वजनात हीच फट आधी बुजते. 'लाइपझिग' रूपात वरचा कोपराही गोल असतो. ते लहान अक्षराशी नाते सांगते, पण बीच्या फार जवळ जाते.

अक्षररचनाकार आन्द्रेआस श्ट्योट्स्नर यांचा २००४चा प्रस्ताव युनिकोडने, म्हणजे संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, नाकारला. जर्मन मानक संस्थेचा पुढचा प्रस्ताव मान्य होऊन २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, अक्षराला जागा मिळाली. जर्मन शुद्धलेखन परिषदेने २९ जून २०१७ रोजी ते दोन एसला पर्याय म्हणून स्वीकारले. २०२४च्या नियमावलीत क्रम उलटून ते आधी आले. संगणकाची चाल मात्र जुनीच आहे: युनिकोडचे रूपांतर-नियम मागे जाऊन बदलत नसल्याने, लहान एस्‌त्सेट कॅपिटल करायला सांगितला की बहुतेक प्रणाली आजही दोन एसच देतात.