छायाचित्रकाराचे व्हिजिटिंग कार्ड

व्हिजिटिंग कार्ड, छायाचित्रकाराचे : छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्याचे नाव, कामाचा प्रकार आणि संपर्क सांगणारे, पाकिटात मावेल एवढे छापील कार्ड. बोलताना नुसते ‘कार्ड’ म्हणतात. वकिलाचे कार्ड भिकार छापले म्हणून त्याच्या वकिलीवर कोणी शंका घेत नाही. फोटोग्राफरच्या कार्डावर नवरीचा चेहरा जांभळट आला, तर मात्र तोच त्याच्या कामाचा नमुना ठरतो. या नोंदीतली उदाहरणे इंदूरच्या मराठी वस्तीतली आहेत. तिथे हे कार्ड दोन भाषांच्या सांध्यावर उभे असते, त्यामुळे त्याचे प्रश्नही थोडे वेगळे आहेत.

पूर्वपीठिका

फोटो आणि भेटकार्ड यांचे नाते जुने आहे. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने १८५४ मध्ये एकाच काचेच्या निगेटिव्हवर अनेक लहान फोटो घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या त्या काळच्या कागदावरचे फोटो पातळ असत आणि गुंडाळले जात. म्हणून ते सुमारे ६४ × १०० मिमीच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. आकार त्या वेळच्या भेटकार्डाएवढा, म्हणून नावही तेच पडले : कार्त द व्हिजित. १८६०च्या दशकात युरोपात लोकांनी ही कार्डे वाटली, जमवली, त्यांचे अल्बम केले. पुढे त्याहून मोठे ‘कॅबिनेट कार्ड’ आले. या कार्डांची मागची बाजू आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिथे फोटोग्राफरचे नाव, स्टुडिओचा पत्ता, मिळालेली पदके आणि ‘काच जपून ठेवली आहे, आणखी प्रती मिळतील’ अशा अर्थाची सूचना छापलेली असे. फोटो गिऱ्हाइकाचा आणि पाठ फोटोग्राफरची, अशी वाटणी होती.

इंदूरला या इतिहासात मानाची जागा आहे. लाला दीनदयाळ (जन्म १८४४) रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या सरकारी बांधकाम खात्यात लागले आणि १८७४च्या सुमारास इथेच छायाचित्रणाकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय त्यांना मिळाला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९७ मध्ये त्यांना राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. त्यांच्या पेढीच्या फोटोंखालच्या पुठ्ठ्यावर पेढीचे नाव ठळक छापलेले दिसते. आज लग्नाच्या ‘करिझ्मा’ अल्बमच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात नाव आणि मोबाइल नंबर असतो, तो याच वंशाचा.

उपयोग

इंदूरच्या मराठी घरांत फोटोग्राफर ठरतो तो ओळखीने. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या कुठल्याही कार्यात जेवणाच्या पंगतीत कोणी तरी मावशी विचारतेच, “फोटोवाला कोण आहे हो? आमच्याकडे पण मुंज आहे.” त्या वेळी फोटोग्राफर स्वतः आंतरपाटाजवळ अडकलेला असतो. कार्ड देतो त्याचा मदतनीस, किंवा वधूपिता स्वतः. म्हणजे कार्ड ज्याचे आहे तो समोर नसताना ते हातात पडते. कार्डाची रचना ठरवताना हीच गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. समजावून सांगायला जवळ कोणी नाही, असे धरूनच ते करावे लागते.

दुसरी अडचण चातुर्मासाची. ज्येष्ठातल्या लग्नात दिलेले कार्ड आषाढी एकादशीनंतर कपाटात जाते आणि तुळशीचे लग्न लागल्यावर पुन्हा शोधले जाते. चार महिन्यांनी किराण्याच्या याद्या आणि पॅथॉलॉजीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यातून ते हाताला लागले, तर ‘हा कोण?’ याचे उत्तर त्यानेच द्यायचे असते. बहुतेक कार्डे इथेच नापास होतात. नाव असते ‘ड्रीम’, ‘मेमरीज’ किंवा ‘मोमेंट्स’ असे काही तरी, आणि ते कुठल्या लग्नातले, हे कुणालाच आठवत नाही.

मजकूर

माणसाचे नाव, कामाची एक ओळ, एक मोबाइल नंबर, इन्स्टाग्रामचे खाते, वस्तीचे नाव. बहुतेकांना एवढे पुरते. दोन नंबर दिले की व्हॉट्सॲप कोणत्या नंबरवर, हा प्रश्न उभा राहतो. स्टुडिओ नसेल तर घराचा संपूर्ण पत्ता छापण्यात अर्थ नाही. ‘राजेंद्र नगर’ एवढे लिहिले तरी काम भागते. वेडिंग, प्री-वेडिंग, बारसे, मुंज, ड्रोन, एलईडी वॉल, पासपोर्ट फोटो अशी सगळी यादी एकाच कार्डावर कोंबली, तर वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो पासपोर्ट फोटो. मिठाईवाल्यांसाठी किंवा कपड्यांच्या दुकानांसाठी फोटो काढणाऱ्याने त्या कामाचे कार्ड वेगळे करावे. कॅमेऱ्याचे चित्र आणि भिंगाच्या पाकळ्यांचे चिन्ह हे तर इतके झाले आहे, की तीन कार्डे शेजारी ठेवली तर कोणते कोणाचे हे कळत नाही.

भाषेचा प्रश्न इंदुरात खराच आहे. देवनागरीत नाव छापले की मराठी आणि हिंदी दोन्ही वाचकांची सोय होते, ही मोठी जमेची बाजू. ‘छायाचित्रकार’पेक्षा ‘फोटोग्राफर’ दोघांनाही सरळ पोचतो. पण शहराचे नावच दोन भाषांत दोन तऱ्हांनी लिहितात : मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर. गिऱ्हाईक दोन्हीकडचे असेल तर गावात चालणारे ‘इंदौर’ छापणे सोयीचे. तक्रार करायला एखादे आजोबा निघतील, तेवढे सोसावे. ‘ळ’ मात्र सोडू नये. हिंदी टायपिंगच्या सवयीत ‘काळे’चे ‘काले’ होते, आणि फोटोग्राफरच्या नावापुढे ‘काले’ हा शब्द फार शुभ दिसत नाही. ‘ल’सुद्धा पाहावा. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ रुळलेला आहे, तर हिंदीसाठी घडवलेल्या फॉन्टमध्ये दंडयुक्त ‘ल’ येतो. रोमन लिपीतले नाव मात्र इन्स्टाग्रामवर आहे अक्षरशः तसेच हवे, कारण शोधणारा तेच टाइप करणार.

अक्षरांचा आकार ठरवताना देवनागरीला रोमनपेक्षा जास्त उभी जागा लागते. वर रफार आणि मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. गडद फोटोवर बारीक पांढरी अक्षरे चार रंगांत छापली आणि एक रंग केसभर सरकला, तर ती भरून जातात. पांढऱ्यावर एकट्या काळ्या शाईत छापलेला नंबर आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येतो.

फोटो

कार्डावर फोटो टाकायचाच तर एकच. चार फोटोंचे कोलाज केले तर प्रत्येक चेहरा तांदळाएवढा होतो. मांडवातला समूहफोटोही या आकारात मरतो. मुंडावळ्या बांधलेला एक चेहरा, हळदीचा एक हात, असे जवळून घेतलेले चित्र टिकते.

आकाराचे गणित आधीच करावे. भारतात ९० × ५५ मिमी किंवा ३.५ × २ इंच (सुमारे ८९ × ५१ मिमी) ही मापे नेहमीची. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३ : २ या प्रमाणात असतो. ९० मिमी रुंदीला तो ६० मिमी उंच भरतो, म्हणजे ५ मिमी कापावेच लागतात. शिवाय कटिंगमध्ये पांढरी कड दिसू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिमी जास्त (छापखान्यात याला ‘ब्लीड’ म्हणतात) द्यायचे, म्हणजे फाइल ९६ × ६१ मिमीची. नवरीच्या कपाळाची बिंदी फोटोच्या वरच्या काठाला असेल तर ती छापखान्याच्या कचऱ्यात जाते. मजकूर कापण्याच्या रेषेपासून ३ ते ५ मिमी आत ठेवतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर ही फाइल सुमारे ११३४ × ७२० पिक्सेलची होते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या अभिमानाला इथे फारसे काम नाही.

रंगांची गोष्ट त्याहून दुखरी. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवते. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी होते. हिरव्या चुड्याची चमक आणि रंगमंचावरचे निळे दिवे छपाईत हमखास मंदावतात. कागदावर शाईचा ठिपका थोडा पसरतो, त्यामुळे सावल्या आणखी गडद होतात. कार्डासाठी फोटो थोडा उजळूनच द्यावा. स्वस्तातली हजार कार्डे बहुधा एकाच मोठ्या कागदावर इतर दहा-वीस गिऱ्हाइकांच्या कार्डांबरोबर छापतात. शाई त्या सगळ्यांना मिळून सोडलेली असते, एका नवरीच्या गालासाठी ती कोणी बदलत नाही. त्वचेचा रंग नेमका हवा असेल तर डिजिटल मशीनवर शंभरच कार्डे काढून पाहावीत.

आणि परवानगी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणारा असतो. म्हणजे जोशांच्या लग्नातला फोटो आपल्या कार्डावर छापायचा तर जोशांना विचारायला हवे. बुकिंगच्या कागदावर एक ओळ घालून सही घेतली की पुढचा संकोच टळतो.

क्यूआर कोड

१९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांसाठी तयार झालेला हा चौकोन आता कार्डाच्या मागे सर्रास असतो. दुवा जितका लांब तितकी चौकटीची जाळी दाट, म्हणून छोटा दुवा द्यावा. २ सेंमीपेक्षा लहान करू नये, भोवती चार खान्यांएवढी कोरी जागा सोडावी, आणि पांढऱ्यावर काळाच ठेवावा. सोनेरी फॉइलमध्ये छापलेला कोड देखणा दिसतो, पण मंगल कार्यालयातल्या झुंबराखाली उघडत नाही.

कागद आणि छपाई

३०० ते ३५० जीएसएमचे (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आर्ट कार्ड नेहमीचे. त्यावर ग्लॉसी, मॅट किंवा मखमली लॅमिनेशन होते. नावावर तेवढी ‘स्पॉट यूव्ही’ची चकाकी देता येते. न फाटणारी प्लास्टिकसारखी कार्डेही मिळतात. ती पाण्यात टिकतात, हाताला मात्र रिचार्जच्या कार्डासारखी लागतात. गोल किंवा कॅमेऱ्याच्या आकारात कापलेले कार्ड पाकिटाच्या कप्प्यात बसत नाही, आणि जे बसत नाही ते आधी फेकले जाते.

फाइल देताना अक्षरे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांच्या आकारांचे चित्र करून, द्यायची, नाही तर समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरे सुटी पडतात. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासायचा नमुना, दोघांनी पाहावे : एकाने नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो फोनवर लावायचा. प्रस्तुत लेखकाच्या घरी एका भाच्याच्या नावाची हजार कार्डे पडून आहेत. त्यांत नंबराचा एक आकडा कमी आहे. प्रूफवर सही भाच्याचीच होती, त्यामुळे छापखान्याशी भांडता आले नाही. ती कार्डे पत्ते खेळताना गुण मांडायला उपयोगी पडतात.

गुण मांडता येतात, कारण त्यांची मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशनविना आहे. लॅमिनेशनवर बॉलपेनची शाई धरत नाही, बोटाला लागून पुसते. एकाच बाजूला लॅमिनेशन केले तर पातळ कार्ड वाकते, म्हणून कागद ३५० जीएसएमचा घ्यावा लागतो. मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहून कार्य ठरवणारा माणूस कार्ड उलटे करतो, शर्टाच्या खिशातले पेन काढतो आणि लिहितो : मुंज, वैशाख, सकाळचा मुहूर्त, जेवण १५० पाने.