शेवटच्या ड्रिपरपर्यंत व्होल्टेज

जळगावच्या मेहरूण तलावावर गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याची रिमोटवर चालणारी बोट अडकली. पीव्हीसी पाइप उभा चिरून, गरम करून पसरवलेल्या पत्र्यापासून आम्ही दोघांनी ती केली होती. काठाजवळ ती झकास पळाली, डावी-उजवीकडे वळली. मात्र पाणगवताच्या पट्ट्यात शिरताच तिचे सुकाणू थरथर तडफडू लागले आणि मोटार उचक्या दिल्यासारखी चालू-बंद होऊ लागली. "मामा, ती ऐकतच नाही," असे म्हणत भाच्याने रिमोटची काठी आणखी पुढे रेटली. अखेर वाऱ्याने बोट तासाभरात पलीकडच्या काठाला आणून लावली. रिमोट, त्याचे आदेश बोटीत पकडणारा रिसीव्हर, मोटार आणि बॅटरी यांपैकी काहीही बिघडलेले नव्हते. दोष होता तो या सगळ्यांना जोडणाऱ्या दोन बारीक वायरींमध्ये.

अशा बोटीत बॅटरी एकच असते आणि तिच्यावर जगणारे दोघे असतात. मोटार पाण्यात पंखा फिरवताना 3 अँपिअर सहज ओढते आणि पंखा गवताने जखडला की तीच मोटार 15 अँपिअरपर्यंत जाते, कारण फिरणाऱ्या मोटारीत तयार होणारा उलटा दाब (व्होल्टेज) थांबलेल्या मोटारीत नाहीसा होतो आणि प्रवाहाला अडवायला केवळ तिच्या गुंडाळीचा रोध उरतो. रिसीव्हर आणि सुकाणू हलवणारा सर्वो यांची गरज त्या मानाने किरकोळ असते, पण ती क्षणभरही खंडित झालेली चालत नाही. आमच्याकडे केळीच्या बागेत ठिबक टाकणारा शेतकरी हे प्रकरण चटकन ओळखेल. मुख्य लाइन बारीक असेल आणि तिच्यावर मध्येच कोणी मोठा कॉक उघडला, तर टाकीत पाणी भरपूर असूनही शेवटच्या ड्रिपरचा दाब मरतो. व्होल्टेजचे गणित तसेच आहे. बॅटरीतला दाब आणि रिसीव्हरच्या दारातला दाब एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

ओहमच्या नियमाने (व्होल्ट म्हणजे प्रवाह गुणिले रोध) हे आकड्यांत मांडता येते. तांब्याच्या 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या, 1 मीटर लांबीच्या वायरीचा रोध सुमारे 0.017 ओहम असतो. आम्ही घरात पडलेली बेलची वायर वापरली होती, जिची जाडी जेमतेम 0.2 चौरस मिलिमीटर. म्हणजे रोध पाचपट, मीटरला 0.086 ओहम. बॅटरीपासून मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरपर्यंत 40 सेंटिमीटर अंतर होते, पण प्रवाह जातो तसा परतही येतो, म्हणून 80 सेंटिमीटर धरावे लागते. या वायरीत 3 अँपिअरला 0.2 व्होल्ट गळतात, तर 15 अँपिअरला पूर्ण 1 व्होल्ट. जुन्या बॅटरीच्या अंतर्गत रोधाचे 0.05 ओहम धरले तर त्यात आणखी 0.75 व्होल्ट जातात, आणि खेळण्यातून काढलेला स्विच व सैल पिना मिळून अर्धा व्होल्ट खातात. त्यामुळे 6 व्होल्टच्या बॅटरीतून काठाजवळ साडेपाच व्होल्ट पोहोचत होते आणि गवतात जेमतेम पावणेचार.

स्पीड कंट्रोलरमध्ये बीईसी नावाचे एक छोटे सर्किट असते, जे बॅटरीचा दाब उतरवून रिसीव्हरला स्थिर 5 व्होल्ट देते. त्याला दाब उतरवता येतो, चढवता येत नाही. पावणेचार व्होल्ट आत आल्यावर बाहेर त्याहूनही कमी निघाले आणि रिसीव्हर झोपला. रिसीव्हर झोपताच कंट्रोलरला आदेश मिळेना, म्हणून त्याने मोटार थांबवली. मोटार थांबताच व्होल्टेज वर आले, रिसीव्हर जागा झाला, काठी अजून पुढेच रेटलेली असल्याने त्याने पुन्हा मोटार चालू केली आणि व्होल्टेज पुन्हा कोसळले. सुकाणूची ती तडफड म्हणजे सेकंदाला एक-दोनदा होणारे हे झोपणे-उठणे होते. भाच्याने काठी सोडून दिली असती तर निदान सुकाणू तरी ऐकले असते, हे आम्हाला घरी आल्यावर सुचले.

उपाय स्वस्त निघाला. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत आणि तिथून मोटारीपर्यंत घरगुती वायरिंगमधली दीड एमएमची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचीक वायर टाकली आणि ती शक्य तितकी आखूड ठेवली, तेव्हा 15 अँपिअरलाही वायरीतली गळती 0.14 व्होल्टवर आली. पिळून टेप गुंडाळलेले जोड काढून ते सोल्डर केले आणि वर हीट श्रिंकची, गरम केली की आवळणारी नळी चढवली. बॅटरीच्या टोकाला उलटा बसूच शकणार नाही असा कनेक्टर लावला, कारण धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली तर बहुतेक कंट्रोलर एका क्षणात जळतात आणि ती चूक घाईतच होते. स्विचबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. भिंतीवरचा 6 अँपिअरचा स्विच दणकट वाटतो, पण तो एसीसाठी केलेला असतो. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि स्विच उघडताना पडणारी ठिणगी तिथे आपोआप विझते. बॅटरीच्या डीसी प्रवाहाला असा विसावा नसतो, त्यामुळे संपर्काची टोके हळूहळू भाजत जातात आणि त्यांचा रोध वाढतो. म्हणून डीसीचा आकडा लिहिलेला स्विच घ्यावा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी चिकटून हवा. आम्ही मोटारगाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून निळा, 15 अँपिअरचा पात्याचा फ्यूज आणला. मुठीएवढी शिसे-आम्लाची बॅटरीही शॉर्ट झाली तर वायर लालबुंद होईल इतका प्रवाह सोडते, आणि फ्यूजच्या अलीकडे उरलेल्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते.

बोट मोठी असेल तर रिसीव्हरला वेगळी बॅटरी द्यावी, असे माझे मत आहे. निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल एकापुढे एक जोडले की 4.8 व्होल्ट मिळतात आणि मोटारीने कितीही धिंगाणा घातला तरी सुकाणू ताब्यात राहते. त्या वेळी कंट्रोलरच्या तीन वायरींच्या प्लगमधली लाल वायर काढून ठेवावी, नाहीतर बीईसी आणि सेल एकमेकांत भांडतात. ब्रशवाल्या मोटारीच्या ठिणग्यांमुळे रिमोटच्या संदेशात होणारी खरखर कमी करायला 104 असा आकडा छापलेले तीन कपॅसिटर लागतात: एक मोटारीच्या दोन टोकांमध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून तिच्या धातूच्या कवचाला.

बॅटरीच्या क्षमतेचा आकडाही जपून वाचावा लागतो. 4.5 अँपिअर-तास म्हणजे 3 अँपिअरने दीड तास, हा हिशोब कागदावरचा आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीवरचा आकडा साधारणपणे 20 तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. प्रवाह वाढला की हाती येणारी क्षमता घटते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी हे 1897 मध्ये सूत्रात मांडले, आणि पुढच्याच वर्षी निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी हुकमाने चालणारी बोट दाखवली. तिच्याही पोटात बॅटरीच होती. आमची बोट जेमतेम तासभर चालते.

लिथियम पॉलिमरचे दोन सेल घेतले तर याच वजनात पुष्कळ जास्त ऊर्जा मिळते, पण प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर आणि 3 व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, आणि खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना बंद गाडीत असा पॅक ठेवणे मला तरी धाडसाचे वाटते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे पाऊण किलो वजन बोटीला उलट उपयोगी पडते. ती मध्यभागी, तळाला घट्ट बसवली की बोट डोलत नाही. आत झिरपलेले पाणीही तळालाच साचते, म्हणून रिसीव्हर मात्र वर, आणि त्याची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर हवी, कारण 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात जवळजवळ जातच नाहीत.

परत तलावावर जाण्याआधी आम्ही अंगणातल्या टपात बोट ठेवून रिसीव्हरच्या पिनांना मल्टिमीटर लावला. मोकळ्या पाण्यात मोटार पूर्ण वेगात असताना 5 व्होल्ट आले. मग भाच्याने चिंधीने पंखा क्षणभर दाबून धरला, आकडा 4.6 वर उतरला आणि तिथेच थांबला. सुकाणू त्या क्षणीही डावी-उजवीकडे व्यवस्थित वळत होते.