गाडीतल्या टॉर्चसाठी सेल निवडताना

टॉर्च घेताना ग्राहक विचारतात, उजेड किती लांब जातो आणि एका चार्जमध्ये किती वेळ चालते. ती ठेवणार कुठे, हे मात्र आम्हालाच विचारावे लागते. उत्तर ‘गाडीत’ असेल, तर आमचा सल्ला बदलतो.

कारण ऊन. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आतली हवा ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, डॅशबोर्ड तर ७० अंशांच्याही वर तापू शकतो. बहुतेक लिथियम-आयन सेलना साठवणुकीची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते आणि तीही थोड्या काळापुरती. शिवाय सेल पूर्ण चार्ज असताना तापला, तर त्याची क्षमता झपाट्याने घटते. अडचणीत उपयोगी पडावी म्हणून आपण टॉर्च फुल चार्ज करून ठेवतो, आणि सेलला नेमके तेच मानवत नाही.

टॉर्च एए सेलवर चालणारी असेल, तर आमची पहिली पसंती निकेल-मेटल हायड्राइड सेलला. त्यातही ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ लिहिलेलेच घ्या. साधे सेल नुसते पडूनही काही महिन्यांत उतरतात, हे मात्र वर्षभरानंतरही बराचसा चार्ज टिकवून असतात. उष्णतेने तेही लवकर उतरतात, पण लिथियम-आयनसारखा भडका उडण्याची भीती त्यांच्यात नाही. व्होल्टेज १.२ असले, तरी एए सेलच्या बहुतेक टॉर्चना ते चालते. ‘१.५ व्होल्ट रिचार्जेबल’ म्हणून मिळणाऱ्या एए सेलच्या पोटात मात्र सहसा छोटा लिथियम-आयन सेलच असतो, तेव्हा उन्हाची काळजी त्यालाही तितकीच घ्यावी लागते. आणि १४५०० हा सेल दिसायला हुबेहूब एए, पण ३.७ व्होल्टचा. टॉर्चच्या माहितीत तो चालतो असे स्पष्ट लिहिले नसेल, तर घालू नका. टॉर्च जळेल.

जास्त उजेडाच्या टॉर्चना १८६५० लागतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम-आयन सेल. तो ‘प्रोटेक्टेड’ घ्या. टोकाला बसवलेली छोटी सर्किट-चकती जादा चार्ज, अति-डिस्चार्ज आणि शॉर्ट सर्किट झाल्यास प्रवाह तोडते. चकतीमुळे सेल काही मिलिमीटर लांब होतो, म्हणून टॉर्चमध्ये बसतो का ते आधी पाहा. बाहेरच्या उष्णतेपुढे मात्र ही चकती काही करू शकत नाही. गाडीसाठी असा सेल अर्ध्याच्या थोडा वर चार्ज करून ठेवा, टॉर्च डॅशबोर्डवर न ठेवता सीटखाली किंवा डिकीत सावलीला ठेवा आणि मागचे झाकण अर्धा फेरा सैल करा. बऱ्याच धातूच्या टॉर्चमध्ये एवढ्याने सर्किट तुटते आणि सामानाच्या धक्क्याने बटण दाबले जाऊन टॉर्च पेटत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट सेल उष्णतेला अधिक खंबीर आहेत, पण ते ३.२ व्होल्टचे. ४.२ व्होल्टपर्यंत नेणारा नेहमीचा लिथियम चार्जर त्यांना चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. बऱ्याच टॉर्चमध्ये उजेडही मंद पडतो, म्हणून आम्ही विचारल्याशिवाय ते सुचवत नाही.

१८६५० वर ‘९९०० एमएएच’ छापलेले दिसले, तर तो सेल तिथेच ठेवा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३००० ते ३५०० एमएएच असते. जो आकड्यात खोटे बोलतो, तो आतल्या चकतीबद्दलही खरे बोलेल कशावरून?

आता आमच्या धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट. टॉर्च महिनोन्‌महिने हात न लावता गाडीत पडून राहणार असेल, तर रिचार्जेबल सेलच्या फंदात पडू नका. चार्ज न होणारे लिथियम एए सेल वर्षानुवर्षे टिकतात आणि थंडीतही चांगले चालतात, फक्त टॉर्चला ते चालतात का ते पाहून घ्या. अल्कलाइन सेल स्वस्त खरे, पण उष्णतेत गळतात आणि टॉर्चचे आतले संपर्क खाऊन टाकतात.

एकाहून जास्त सेल लागत असतील, तर ते एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले आणि सारखेच चार्ज केलेले हवेत. उन्हातून आणलेला सेल गार झाल्यावरच चार्जरला लावा, आणि उभ्या गाडीत एकटा चार्जिंगला सोडू नका. फुगलेला, चेपलेला किंवा वरचे प्लास्टिकचे आवरण फाटलेला सेल पुन्हा वापरू नका. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या किंवा आमच्याकडे आणून द्या.