पैनगंगेची जुनी सरहद्द

पावसाळ्यात सहस्रकुंडाला नांदेडकडून गाड्यांची रीघ लागते. इस्लापूरच्या बाजूने काळ्या कातळावर उभं राहिलं की समोरच्या काठावरही तशीच गर्दी दिसते, ती वऱ्हाडातल्या उमरखेडकडून आलेली. मधे फेसाळलेली पैनगंगा. १९४८ पर्यंत या दोन काठांवर दोन राजवटी होत्या आणि रुपयेही दोन : या काठाला हैदराबादच्या निजामाचा हाली सिक्का, त्या काठाला इंग्रजांचा कलदार. येणारा-जाणारा माल करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरूनच पुढे सरकायचा.

ही सरहद्द एका उधारीतून निघाली. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. पुढे वऱ्हाडासकट हा सगळा मुलूख निजामाकडे आला. निजामाच्या नावाने पण इंग्रजांच्या हुकमतीत असलेल्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकत गेला आणि त्यापोटी १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार ताब्यात घेतला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला. माहूरची रेणुका मात्र निजामाच्या हद्दीतच राहिली, त्यामुळे वऱ्हाडातले तिचे भक्त दर्शनाला निघाले की ‘मोगलाईत’ शिरायचे.

१५ ऑगस्ट १९४७ ला त्या काठावर तिरंगा चढला, या काठावर नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांना स्वतंत्र राहायचं होतं. २९ नोव्हेंबरला भारताशी ‘जैसे थे’ करार झाला खरा, पण गावोगावी दहशत होती ती कासीम रझवीच्या रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची. हा रझवी लातूरचा वकील. इकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीपलीकडे कॅम्प उभारले, त्यातला एक उमरखेडला. नदी ओलांडायची, नाका किंवा चौकी गाठायची आणि उजाडायच्या आत परतायचं. आज पर्यटक ज्या सागवानी रानाचे फोटो काढतात, त्याचा तेव्हा उपयोग लपायला होता. कॅम्पांच्या कामगिऱ्यांमधली सर्वांत गाजलेली म्हणजे उमरीच्या बँकेची लूट. तारीख ३० जानेवारी १९४८, गांधीजींची हत्या झाली तोच दिवस.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. मुख्य धडक इथून दूर, सोलापूरकडून नळदुर्गवर होती. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं बहुधा इथेच थांबतात. या लष्करी कारवाईच्या, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’च्या सुमारास आणि त्यानंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदरच्या जोडीला नांदेडही मोजला. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मला वाटतं, या भागातल्या जुन्या माणसांशी ‘त्या दिवसां’बद्दल बोलायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

किनवटची गोष्ट आणखी वेगळी. हा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, आणि जी पैनगंगा दोन राज्यांची हद्द होती ती इथे दोन जिल्ह्यांची उरली. राज्याची हद्द सरकली किनवट आणि आदिलाबादच्या मधे, एकाच जिल्ह्यातल्या शेजाऱ्यांमधून. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे आजही ती ओलांडते आणि किनवटच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि गोंडीही कानावर पडते.